जास्तीचे चार दिवस

लग्न होऊन कोरेगावजवळच्या गावात आले तेव्हा सासूबाईंशी माझं पहिलं भांडण झालं ते बाहेर बसण्यावरून. महिन्याचे चार दिवस बाहेरच्या खोलीत घोंगड्यावर बसायचं, ताट-तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. मी कॉलेजात शिकलेली, त्यात तोंडाची तिखट. आदळआपट केली, अबोला धरला. सासूबाई तसूभर हलल्या नाहीत. शेवटी रागारागाने कागद-पेन घेऊन त्या खोलीत जाऊन बसले आणि माझी पहिली कादंबरी तिथेच सुरू झाली. चुलीपासून सुटका असलेले तेवढेच दिवस होते.

नव्वदीच्या सुरुवातीला एका हिवाळ्यात पुण्याच्या प्रकाशकांनी कळवलं की, जानेवारीअखेर हस्तलिखित हातात पडलं तर पुस्तक उन्हाळ्यात काढू, पुढचं मात्र सांगता येत नाही. अर्धी कादंबरी लिहायची होती आणि इकडे आमच्या उसाला तोड आलेली. पहाटेपासून भाकऱ्या, दिवसभर येणारे-जाणारे, चहाचं आधण चुलीवरून उतरत नव्हतं. नवरा शिरवळच्या कारखान्यात, रविवारपुरता घरी. हे पुस्तक आता काही होत नाही, असं वाटून मी चुलीपुढेच रडले.

सासूबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काकू मला पापड लाटायला बोलवायला आल्या, तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "बाहेरची हाय ती."

मी नव्हते. बाहेरच्या खोलीत घोंगडं मात्र अंथरून तयार होतं. "जा, बस," त्या हळूच म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मी वरचेवर बाहेरची होऊ लागले. एकदा काकूंनी विचारलंच, "आवं, परवाच न्हायली की तुमची सून!"

"उष्णता झालीया तिला. लय लिवल्यावर हुतीया म्हनं."

काकू बिचाऱ्या भल्या. रोज सब्जाचं गार पाणी आणून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मी पिऊन संपवेपर्यंत हलायच्या नाहीत. हुडहुडी भरलेली, अंगावर शाल, आणि हातात तो पेला! पिऊन झालं की मी पुन्हा लिहायला लागायचे. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहायचा. थापणाऱ्या सासूबाई, दुखऱ्या गुडघ्यांच्या.

मग संक्रांत आली. सासरे गेल्यापासून घरातलं हळदीकुंकू माझ्याच हातून व्हायचं. सासूबाई आतल्या खोलीत बसायच्या, पण वर्षातून एकदा गल्लीतल्या सगळ्या बायका आपल्या घरी येतात याचं त्यांना केवढं अप्रूप! वाणाच्या वाट्या त्यांनी दिवाळीतच साताऱ्याहून आणून ठेवल्या होत्या. माझी शेवटची प्रकरणं राहिलेली. तरी मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, आज मी उठते."

"गप लिव. हळदीकुकू रथसप्तमीपातूर चालतंय."

काकूंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "सणादिवशीच वं?" काकू हळहळल्या.

"त्ये काय इचारून येतंय व्हय?"

दार लागलं. मग देवघरापुढे त्यांचा आवाज ऐकू आला. "खोटं मी बोलले, देवा. पोरीला काय लावू नगंस."

विटाळावर त्यांचा मनापासून विश्वास होता. देवाला त्या खरोखर भीत होत्या आणि ती भीती त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतली होती. त्या दिवशी रडायलाही सवड नव्हती. मी लिहीत राहिले.

त्या वर्षी रथसप्तमी जानेवारीतच होती. आदल्या दिवशी मी हस्तलिखित टपालात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं घर बायकांनी भरून गेलं. वाण घेताना काकूंनी विचारलं, "गेली का गं उष्णता?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "गेली की. कालच पुण्याला गेली." काकू आधी गोंधळल्या, मग सगळ्यांत जास्त त्याच हसल्या.

पुढच्या महिन्यात मी खरोखरच बाहेरची झाले. सवयीने घोंगडं काढायला गेले, तर सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "काय लिवायचं हाय का?"

"नाही, आत्याबाई."

"मग तिकडं बसून काय करतीस? हिकडं ये, भाकऱ्या थाप. देवाला सांगितलंय मी."