निकिता, वडील घरी असताना नको

माझा फोन माझ्या हातातून घेतला, त्याला वायर लावली, आणि माझा फोन भिंतीवर उमटला. सगळ्यांना दिसेल एवढा.

लातूरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये आयटीआयच्या निदेशकांचं प्रशिक्षण होतं. रोजच्या वापरातली डिजिटल साधनं शिकवण्यात कशी आणायची, हा विषय. पुढं वेल्डिंगवाले, वायरमनवाले, डिझेल मेकॅनिकवाले. मागच्या दोन रांगांत आम्ही बायका. मी शिवणकाम शिकवते. तासिकांवर. म्हणजे वर्ष संपलं की मी संपते. प्राचार्यांनी शिफारस केली तर पुन्हा सुरू होते.

प्रशिक्षक पुण्याहून आलेले. तिशीचे असतील. कॉलरला माइक. त्यांना एका 'सामान्य शिक्षकाचा' फोन हवा होता. त्यांची नजर हॉलभर फिरली आणि शेवटच्या रांगेत माझ्यावर येऊन थांबली. माझ्या फोनची काच तडकलेली होती. कापडाची लव आत जाते म्हणून मी तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. त्यांनी ती पिशवी लांबून हेरली होती.

"घाबरू नका मॅडम, आम्ही खाणार नाही तुमचा फोन."

हॉल हसला. मी पुढं गेले, फोन दिला. मला शेजारीच उभं केलं.

भिंतीवर पहिल्यांदा आली माझी आई. पांढरं लुगडं, निळा काठ, मागं आमच्या वस्तीतलं विहार, हातात मेणबत्ती. हॉल क्षणभर गप्प झाला. आमच्या भागात एवढा क्षण पुरतो. माझ्या आडनावावरून लोकांना अंदाज येत नाही. काही जण वर्षानुवर्षं अंदाज बांधत होते. त्यांचं काम त्या फोटोनं केलं. पहिल्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "असं होय."

दोनच शब्द. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कोण बसलं आणि कोण उठलं, ते मी पाहिलं. पण ते नंतरचं.

प्रशिक्षकांनी व्हॉट्सॲप उघडलं. मला विचारलं नाही.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. मला सगळं नोंदवून ठेवायला लागतं. घरी भिंतीवर, डब्यांच्या झाकणांवर, फोनमध्येही. नुसतं नाव घालून मला चालत नाही. त्या माणसाशी कसं वागायचं तेही मी नावापुढंच लिहिते. गॅसवाल्यापुढं 'सोमवारी बंद'. एका मुलीपुढं 'आईला कमी ऐकू येतं, मोठ्यानं'. दुसरीपुढं 'शेजारणीचा फोन, आधी माफी मागणे'. त्यामुळं माझे फोन वाया जात नाहीत आणि मुलींना त्रास होत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या हातात स्वतःचा फोन नाही. कुणाचा फोन कधी, कुणाच्या हातात असतो, हे माहीत असल्याशिवाय फोनवरून शिकवता येत नाही. हेच खरं तर त्या दिवशीच्या प्रशिक्षणात कुणीतरी सांगायला हवं होतं.

प्रशिक्षक वाचायला लागले. माइकवर. नक्कल करत.

"प्राचार्य साहेब, जेवणानंतरच बोलणे."

हॉल हसत सुटला. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य बसले होते. ते सगळ्यात शेवटी हसले, आणि हसताना माझ्याकडं बघत राहिले.

"गॅस, सोमवारी बंद. वा. आणि ही कोण? निकिता, वडील घरी असताना नको. मॅडम, हे काय प्रकरण आहे?"

मी म्हणाले, "ते वाचू नका." माझ्यापुढं माइक नव्हता.

तिसऱ्या रांगेत वेल्डिंगचे एक निदेशक होते, दुसऱ्या आयटीआयचे. फक्त ते हसले नाहीत. ते निकिताचे चुलते निघाले.

निकिता माझ्या वर्गातली. घरची जमीन, दारात ट्रॅक्टर, नाव असलेलं घर. पोरीच्या हातात फोन मात्र द्यायचा नाही, हा वडिलांचा कायदा. सोयाबीन काढणीत तिचे बरेच दिवस बुडाले. मग मी मशीनच्या दोऱ्याच्या दांडीला रबरानं फोन बांधायचे, खाली तोंड करून, आणि माझ्या हातांचे छोटे व्हिडिओ करायचे. मुंढ्याला बाही कशी बसवायची. कॉलरचं टोक कसं काढायचं. ते तिच्या आईच्या फोनवर पाठवायचे. आई फोन पिठाच्या डब्यामागं ठेवायची. वडील शेतात गेले की पोरगी बघायची आणि आवाज पाठवायची: "मॅडम, बाही सरळ बसली बघा." एवढंच ते प्रकरण.

पुढच्याच आठवड्यात तिचे वडील आयटीआयमध्ये आले. वर्गाच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. मी खुर्ची सरकवली. बसले नाहीत. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लासाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हात मागं बांधले. चुलत्यांनी नुसतं नाव सांगितलं नव्हतं, फोटोही सांगितला होता.

"मास्तरीणबाई, आमच्या घरात मी कवा असतो, कवा नसतो, ह्येची नोंद तुमच्या फोनात कशापायी? समद्या हॉलनं वाचलं. आमची इज्जत भिताडावर लावली तुम्ही."

भिंतीवर मी लावली नव्हती. ज्यानं लावली तो पुण्याला पोचला होता. मी हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांना ऐकायचं नव्हतं.

"तुमच्या लोकांनी आमच्या लेकींला शहाणपण शिकवायचं दिवस आले म्हणायचे. चल गं."

निकितानं मापाची टेप उचलली. वही उचलली. कात्री टेबलावरच राहिली. मुली माना खाली घालून मशीन चालवत होत्या. कापड नसलेली मशीनसुद्धा. ती परीक्षेला बसली नाही.

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी परतताना एसटीत मी एक काम केलं होतं. नावांपुढची प्रत्येक सूचना पुसली. गॅस. निकिता. आईला कमी ऐकू येतं ती मुलगी. खिडकीशी बसून पुसत राहिले आणि मला वाटत होतं, हा गावंढळपणा होता, बरं झालं उघडा पडला. इतकी मी त्या हसणाऱ्यांची झाले होते. त्यानंतर एका मुलीला नको त्या वेळी फोन लागला आणि तिच्या भावानं तो उचलला. तिनं मग मला सांगितलं, "मॅडम, तुम्हाला तर म्हाईत होतं की." हो, मला माहीत होतं. एका टाय लावलेल्या माणसाला हसू आलं म्हणून मी ते पुसलं होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझा राग आला नाही. त्याचा आला.

काही महिन्यांनी तेच प्रशिक्षक कॅमेरावाला घेऊन आमच्या आयटीआयमध्ये आले. त्यांच्या प्रशिक्षणामुळं काय बदललं, याची फिल्म करायची होती. आमच्याकडं काय बदललं होतं? एक स्मार्ट बोर्ड आला होता. तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये, थर्माकोलसकट. प्लास्टिक काढलं तर धूळ बसेल, असं प्राचार्यांचं म्हणणं. फिल्मसाठी तेवढ्यापुरतं प्लास्टिक काढलं.

फिल्मसाठी त्यांनी मला निवडलं होतं. माझी केस एकदम फिट आहे, असं प्रशिक्षक प्राचार्यांना म्हणाले. माझ्यासमोरच, मी तिथं नसल्यासारखे.

मी चांगली साडी नेसून गेले होते. हिरवी, इरकल. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम, जरा साधी नव्हती का? आणि तो जुना फोन आणलाय ना? तडकलेला?"

काच मी बदलून घेतली होती. ते ऐकून ते खरोखर हिरमुसले. माझी काच तडकलेली हवी, साडी विटकी हवी, तोंडावर आभार हवेत. मग ह्यांची फिल्म चांगली दिसणार.

मला मशीनवर बसवलं आणि वाचायला कागद दिला. त्यावर माझ्या तोंडचं लिहिलं होतं. मी मागास समाजातून आले आहे. पूर्वी मला मोबाईल नीट धरताही येत नव्हता. या प्रशिक्षणानं माझं आयुष्य बदललं. आता मी फोनवरून माझ्या विद्यार्थिनींच्या सतत संपर्कात असते.

आधीची वाक्यं मी कदाचित म्हटली असती. खरं सांगते. मुलाचं कॉलेज आहे, सासूबाईंची औषधं आहेत, पुढच्या वर्षीच्या तासिका प्राचार्यांच्या हातात आहेत. अशी वाक्यं आम्ही आयुष्यभर म्हणत आलोय. हो साहेब. तुमच्यामुळंच साहेब. पण शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. समोरच्या टेबलावर निकिताची कात्री होती.

मी विचारलं, "सर, निकिता आठवते का?"

"कोण निकिता?"

आव आणत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. माइकवरून वाचलं, हॉल हसवला, चहा घेतला, गाडीत बसले. एक पोरगी वर्गातून उठली आणि ह्यांच्या डोक्यात तिचं नावही उरलं नाही. मला वाटलं होतं हा माणूस दुष्ट असेल. तेवढंही नव्हतं तिथं. नुसतं रिकामं.

"भिंतीवर तुम्हीच वाचलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी कॅमेरावाल्याकडं पाहिलं. "मॅडम, शूट संपल्यावर बोलू ना आपण."

"मी हे म्हणणार नाही."

प्राचार्य पुढं आले. आवाज गोड. "मिनिटाचं काम आहे, ताणू नका. पुढच्या वर्षीच्या शिफारशी माझ्याच टेबलावर येणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"येऊ द्या," मी म्हणाले आणि मशीनवरून उठले.

कागद परत दिला, ते कॅमेऱ्यात आलं असेल तर येवो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुली घाबरून बघत होत्या. प्रशिक्षक कॅमेरावाल्याला म्हणाले, दुसरी बघू. ह्यांचं एवढंच असतं. दुसरी बघू.

दुसरी मिळाली. नांदेडच्या एक मॅडम, पार्लरचा ट्रेड शिकवतात. प्रशिक्षणात माझ्याच रांगेत होत्या. त्यांनी सगळी वाक्यं म्हटली, साधी साडी नेसून. फिल्म आमच्या ग्रुपवर फिरली, खाली फुलं आणि अंगठे. मग त्यांचा मला फोन आला.

"ताई, म्हटलं मी ते. राग आला का? माझं पोरगं ल्हान हाय हो."

मला त्यांचा राग आला नाही. राग पुरवून वापरायचा असतो. मी विचारलं, तुम्हाला केसांचा कट मुलींना फोनवरून दाखवायला जमतो का? नाही म्हणाल्या. प्रशिक्षणात कुणी ते दाखवलंच नव्हतं. स्लाइडवर अक्षरं गोल कशी फिरवायची, ते दाखवलं होतं.

आता रविवारी त्या आमच्या गावी येतात. आणखी चार-पाच जण येतात, त्यात एक वेल्डिंगवालेही आहेत, निकिताचे चुलते नव्हेत, दुसरे. माझ्या घरी, पुढच्या खोलीत. फोन कुठं बांधायचा, हात कसे टिपायचे, आवाज कसा पाठवायचा, फाइल जड झाली तर काय करायचं, असं चालतं. हे अवघड नाही. साध्या माणसाला सांगितलं तर दोन रविवारांत येतं. ते अवघड आहे असं भासवण्यावर काही लोकांचं पोट चालतं, एवढंच. माझे नियम दारावर चिकटवलेत. प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या हातात. दुसऱ्याच्या फोनला बोट लावायचं नाही, तोंडानं सांगायचं. मुलींची नावं, आवाज, नंबर मोठ्यानं वाचायचे नाहीत. हसायचं असेल तर बाहेर जाऊन.

फोनवर पुन्हा माझी आई आहे. तोच फोटो, त्या दिवशी एसटीत मी तोही हटवला होता. नवी काच असल्यानं मेणबत्ती नीट दिसते. नावांपुढच्या सूचनाही मी परत लिहिल्या आहेत, आठवून आठवून.

तासिकांचा आदेश अजून आलेला नाही. मला फिकीर आहे. नाही असं मी म्हणणार नाही. आला नाही तर ब्लाउज शिवेन आणि रविवार चालू ठेवेन. प्राचार्यांच्या दारात मात्र जाणार नाही, जेवणाआधीही नाही आणि जेवणानंतरही नाही.

परवा मैत्रिणीच्या फोनवरून निकिताचा आवाज आला. मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज, म्हणजे गोठ्यात उभी असणार. हळू बोलत होती.

"मॅडम, माझी कात्री कुणाला देऊ नका. मी परीक्षा देणार हाय. घरी कुणी बोलणारं न्हाई, तुम्ही बोलताव का?"

राहिलेली परीक्षा पुढच्या वेळी देता येते. अर्ज मी आणून ठेवलाय. तिची सही लागेल, ती तिनं स्वतः करायची. कात्रीला धार लावून घेतली आहे. तिच्या घरी मी पाणी मागणार आहे. ते देतात की नाही, दिलं तर कशातून देतात, हे बघणार आहे. आणि ते बघूनही तिथून उठणार नाही.

तिच्या नावापुढची सूचना मी बदलली आहे. येत्या रविवारी तिच्या घरी जायचं. उंबऱ्याच्या आत जाऊन, खुर्ची ओढून, समोरासमोर बसायचं.

वडील घरी असताना.