गुडघ्यावरचा फेटा

फेटेवाले चाचा माणसाचं तोंड नंतर पाहायचे, आधी डोकं. भूमच्या शाळेत मास्तर म्हणून मी नवा रुजू झालो आणि त्यांच्या दुकानात सदरा शिवायला गेलो, तेव्हा टेप गळ्यातच ठेवून त्यांनी माझ्या डोक्याकडं निरखून पाहिलं. "फेटा बसंल," म्हणाले, "मागं जरा चपटं हाय." धंदा शिलाईचा, पण लग्न असो की सत्कार, फेटा बांधायला आसपासच्या गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. मांडवात नवरदेवाच्या आधी चाचा पोचायचे आणि नवरदेवाइतकेच मिरवायचे.

त्यांच्याकडं फेट्याचे प्रकार दोन. वऱ्हाडी मंडळींचे फेटे ते स्वतःच्या गुडघ्यावर बांधून ओळीनं मांडून ठेवत. नवरदेवाचा आणि सत्कारमूर्तीचा मात्र थेट डोक्यावर, माणसाला समोर बसवून. "गुडघ्यावरचा कुनालाबी बसतो मास्तर," ते सांगायचे, "डोक्यावर बांधलेला एकाचाच असतो." हा फरक आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळायचा.

चाचांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पुढं कचेरीचा कारभार मराठीत आला आणि शिकलेसवरलेले चाचा, त्यांच्याच शब्दांत, अंगठेबहाद्दर झाले. म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांना मराठी पेपर वाचून दाखवायचो. एकदा बातमी होती, कुठल्याशा देशाच्या मंत्र्याला शांततेचं जागतिक बक्षीस मिळाल्याची. त्याच पानावर खाली, सरकारनं लपवलेली गोष्ट लोकांना सांगितली म्हणून दुसऱ्या एका देशातल्या कारकुनाला तुरुंगात घातल्याच्या चार ओळी. मी ठासून म्हणालो, की मंत्र्यानं तह केला, माणसं वाचवली. या कारकुनानं नुसता गोंधळ माजवला. चाचांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "लढाई थांबवली त्यानं, पन लावली कुनी व्हती?" ते पेपरात दिलेलं नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात हा वाद आमच्या दाराशी आला. शेजारच्या वाशी गावाच्या वाटेवर पाझर तलावाचं काम चाललं होतं. तिथला मुकादम महादू, मुलखाचा अबोल माणूस. पण तपासणीला आलेल्या साहेबासमोर, भर मजुरांत तो बोलून गेला, की भराव नीट ठोकून बसवलेलाच नाही. मोठा पाऊस झाला तर बांध खालच्या वस्तीवर जाईल. काम बंद पडलं. मजुरांचे हात रिकामे झाले आणि सगळा राग निघाला महादूवर. लोक त्याच्याशी बोलेनात, त्याच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी अध्यक्षसाहेब, म्हणजे आमचे तालुक्याचे पुढारी, मध्ये पडले. त्यांनी ठेकेदाराला दमात घेऊन भराव पुन्हा करून घेतला, मजुरांची समजूत घातली, काम चालू केलं. शांतता झाली आणि ती केल्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार ठरला. महादूला कुणी साधं 'ये' म्हटलं नाही.

मी चाचांना विचारलं, आता तुम्ही काय करणार? त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "अध्यक्षांनी चांगलं केलं, ते खोटं न्हाय. त्यांना फेटा द्यायचाच. पन महादू गप बसला असता तर गावात भांडान झालं नसतं, आन पुढं वस्तीबी ऱ्हायली नसती."

सत्कार बाजाराच्या दिवशी होता. मांडव खचाखच भरलेला. अध्यक्ष खुर्चीत मान ताठ करून बसले. चाचांनी पिशवीतून बांधलेला तयार फेटा काढला, अदबीनं त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि सलाम केला. मांडवात कुजबुज सुरू झाली. महादू पार मागं, खांबाला टेकून उभा होता. चाचा गर्दीतून त्याच्यापर्यंत गेले, त्याला हाताला धरून पुढं आणलं, बाकावर बसवलं आणि कोरं कापड उलगडून त्याच्या डोक्यावर एकेक फेर द्यायला लागले. कुजबुज थांबली. महादूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. चाचा त्याला एवढंच म्हणाले, "मान हलवू नगंस. बिघडंल." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सत्कार पाहिले, पण ऊर भरून आला तो त्या एकाच सत्कारात.

त्याचं मोल चाचांनी मोजलं. अध्यक्षांच्या माणसांनी मोठ्या लग्नांना त्यांना बोलवायचं बंद केलं, आणि चाचा नुसते सदरे शिवत राहिले. पण महादूच्या पोरीला दुसरं स्थळ चालून आलं. त्या मांडवात फेटे बांधायला चाचाच होते. मी त्यांना छेडलं, की मग पुढाऱ्यांना शांततेचं बक्षीस द्यावं की देऊ नये? "द्यावं की," चाचा म्हणाले, "गुडघ्यावरचं."

पुढं माझी बदली झाली. शाळेनं निरोपाचा समारंभ ठेवला आणि फेट्यासाठी चाचांना बोलावलं. मी मोठ्या हौसेनं डोकं पुढं करून बसलो. चाचांनी पिशवीत हात घातला आणि तयार फेटा काढला. माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असणार. तो डोक्यावर नीट बसवता बसवता ते हळूच म्हणाले, "रागावू नगा मास्तर. तुमी मानूस लई चांगले. पन तुमची येळ अजून आलेली न्हाय. आली की या, म्या हाय."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत गावोगाव फिरलो. चाचा गेल्याची बातमीही मला उशिरा कळली. तो फेटा ट्रंकेत अजून जसाच्या तसा आहे, एक चुणी सुटलेली नाही. दरसाल शांततेचं बक्षीस जाहीर झालं, की मी पेपर खाली ठेवतो आणि ट्रंक उघडतो. माझ्या हातून डोक्यावरच्या फेट्याजोगं काही घडलं की नाही, हे मला ठरवता येत नाही. ज्यांना विचारायचं, ते 'म्या हाय' म्हणाले होते.