डावी चिखलाची, उजवी यंत्राची

योले शिंपीण होती. चाळीस वर्षं चेर्विया या इटलीतल्या आमच्या समुद्रकाठच्या गावातल्या नवऱ्या मुलींचे झगे तिनं शिवले आणि एकीचीही चेष्टा करायची सोडली नाही. एप्रिलमध्ये ती माझ्या पार्लरमध्ये आली, स्कर्ट वर घेतला आणि मांडीवरच्या खळग्यांवर बोट ठेवलं.

"मिर्का, हे घालव. जुलैत तुरीनहून नात यायचीय. म्हणते, नोन्ना, यंदा माझ्याबरोबर पाण्यात यायचंच."

बारा वर्षांपूर्वी तिची नणंद किनाऱ्यावर सगळ्यांदेखत त्या मांड्यांना हसली होती. तेव्हापासून योले समुद्रात उतरली नव्हती.

"चिखल बरा की यंत्र?" तिनं विचारलं.

खरं म्हणजे दोन्हींनी चार दिवस कातडी जरा तुकतुकीत दिसते, खळगे जिथल्या तिथे राहतात. मी ते सांगितलं नाही. म्हटलं, दोन्ही करून बघू. डाव्या मांडीला मिठागरातल्या काळ्या चिखलाचा लेप, उजवीवर कातडी ओढून लाटणारं यंत्र. दर सोमवारी मी फीत लावून माप घ्यायचे. यंत्र नवीन घेतलं होतं, म्हणून उजवीकडे फीत अंमळ जास्तच आवळायचे.

"उजवी पुढे गेली, सिन्योरा."

"डावी माझ्या आईवर गेलीय. हट्टी."

नात आली तेव्हा योलेनं विचारलं, "जाऊ का गं आता पाण्यात?"

"आणखी दोनदा या, मग बघाच," मी सवयीनं बोलून गेले.

दोन आठवडे ती कमरेला कापड गुंडाळून छत्रीखाली बसली. पोर एकटीच लाटांत खेळली आणि शनिवारी परत गेली. पार्लरला जाता-येता मी रोज ते पाहत होते. मनाला खात होतं, तरी तशीच पुढे निघून जायचे.

सोमवारी योले ठरल्या वेळी आली. माझी मान वर होईना.

"सिन्योरा, मी फीत आवळत होते. काही कमी झालेलं नाही."

"पहिल्याच दिवशी कळलं. मला फीत शिकवतेस? जाड पोरींना मीही दोन सेंटीमीटर कमीच सांगायचे."

"मग येत का राहिलात?"

तिनं स्कर्ट खाली केला, सुरकुती सारखी केली.

"त्या पोरींना मी शेवटी सांगायचे, छान दिसतेस, आता जा. तू तसं म्हणशील म्हणून थांबले होते."

मला स्वतःची लाज वाटली. गेल्या वीस वर्षांत हे मी एकाही बाईला म्हटलेलं नाही.