तिच्या हातची घडी

बायको गेल्यावर चार वर्षं मी मुलीशी एकच खोटं बोललो. ती अकोल्याहून फोन करायची. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, हे झालं की विचारायची, "बाबा, आईच्या पैठणीची घडी बदलली ना?" मी म्हणायचो, "हो हो, बदलली." आणि विषय क्रिकेटवर न्यायचो.

खरं तर मला सगळं पाठ होतं. माझ्या निवृत्तीच्या वर्षी बायकोने स्वतः येवल्याला जाऊन, मागावर बसलेल्या विणकराचं डोकं तासभर खाऊन ती पैठणी आणली होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आमच्या अमरावतीच्या घरात हा सोहळा चालायचा. साडी काढून सावलीत तासभर पसरायची, उन्हात चुकूनही नाही. जरीचे काठ आतल्या बाजूला घेऊन नव्या जागी घडी घालायची आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची. प्लास्टिकची पिशवी नाही, साडीला लागून डांबरगोळी नाही. "एकाच घडीवर रायली तं रेशीम तिथंच तुटते," ती मला बजावायची. मी पेपरातून डोकं वर न काढता हुं म्हणायचो. एवढे लाड माझे केले असतेस तर, असं एकदा म्हणालो. "तुमाले कुठी जर लागली हाये!" ती म्हणाली.

दवाखान्यात भरती व्हायच्या आठवडाभर आधी तिने शेवटची घडी घातली. तिथून ती घरी आलीच नाही. पुढे तीन महिन्यांनी मी कपाट उघडलं, मलमल सोडली आणि तसाच उभा राहिलो. काठावर काठ, कुठे एक चुणी नाही. स्वयंपाकघरातले डबे मी इकडचे तिकडे केले होते, तिच्या उशीचा अभ्राही धुतला गेला होता. तिच्या हातचं जसंच्या तसं एवढंच उरलं होतं. मोडायचा धीर झाला नाही. मग दर तीन महिन्यांनी मलमल सोडायचो, बघायचो, परत बांधायचो. रेशमाचं वाटोळं करतोय हे कळत होतं. पण घरात मी एकटा होतो आणि मला ती घडी हवी होती.

परवा मुलगी आली. नणंदेच्या मंगल परिणयात तिला पैठणी नेसायची होती. मी चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात तिने कपाटातून साडी काढली आणि पदर धरून झटक्यात पलंगावर उलगडली. मी बाहेर आलो तेव्हा ती घडीच्या रेघेवरून बोट फिरवत होती. रेघभर रेशीम विरलं होतं, तीन-चार जागी तर बोट आरपार जात होतं.

"बाबा, तुमी तं म्हणत होते, बदलली म्हणून."

"नाई बदलली."

"काहून?"

"तुह्या आईनं घातली होती ते घडी. शेवटची."

ती चिडेल असं मला वाटलं. रफूवाला शोधू, असं काहीतरी पुटपुटलोही. तिचं लक्ष नव्हतं. तिने साडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मले सांगाचं होतं ना बाबा," ती म्हणाली. "मी तं तिची घडी मोडून टाकली. पाह्यलीही नाई."

माझी बायको गेली, एवढंच मी चार वर्षं धरून बसलो होतो. तिचीही आई गेली होती.