खरं कोकण पुढे आहे

कोकण न बघण्याचा जेवढा दांडगा अनुभव माझ्या थोरल्या साडूंच्या गाठीशी आहे, तेवढा सबंध पिंपरी-चिंचवडात दुसऱ्या कुणाकडे नसेल. गेली अकरा वर्षं ते वर्षातून दोनदा आम्हाला कोकणात नेतात. ताम्हिणी घाटातलं प्रत्येक वळण त्यांना ओळखतं, किनाऱ्यालगतची एकूण एक गावं आम्ही पार केलेली आहेत, आणि 'पार केलेली' हाच त्यातला नेमका शब्द आहे. लोक ज्या ज्या ठिकाणी थांबतात, त्या त्या ठिकाणावरून आमची गाडी साठच्या वेगाने पुढे गेलेली आहे. कारण साडूंची अशी ठाम श्रद्धा आहे, की जिथे सगळे थांबले ती जागा खरी नव्हे. खरी जागा पुढे असते. "राव, जिथं पार्किंग आहे तिथं निसर्ग नसतो," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मॉलच्या तळघरात गाडी लावतानाही ते मला आठवतं.

साडूंना माझी बायको 'दाजी' म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. राहायला संत तुकाराम नगर, नोकरी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझरची. त्यांच्या या श्रद्धेचं मूळ मला त्या नोकरीच्या रस्त्यात दिसतं. जो माणूस वीस वर्षं रोज सकाळी एका कंटेनरच्या मागे आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या कंटेनरच्या मागे उभा राहिला, त्याला जगातलं सगळं चांगलं पुढेच असणार असं वाटलं तर त्यात नवल काय? चाकणच्या चौकात अडकून राहिलेला तो सगळा वेग दाजी साठवून ठेवतात आणि घाट उतरला की एकदम सोडतात.

आता जेवणाचंच घ्या. माणगाव ओलांडलं की सोलकढीच्या, मोदकांच्या, सुरमईच्या पाट्या सुरू होतात. मागच्या सीटवर माझी बायको आणि मेहुणी, म्हणजे दाजींची बायको, त्या पाट्या मोठ्याने वाचतात. दाजी ऐकत नाहीत. "इथं सगळे पुण्याचेच जेवतात. पुढं एक काकू आहेत. घरगुती. चुलीवरचं." या काकूंना आम्ही चार वर्षं शोधत होतो. चार वर्षं दुपारी साडेतीनला बिस्किटांचे पुडे फोडत होतो. पाचव्या वर्षी त्या खरोखर सापडल्या. म्हणजे त्यांचं घर सापडलं, दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, चिंचवडला. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर.

किंवा तो धबधबा. घाटातला मोठा, फेसाळणारा, ज्याच्या खाली अर्धा पुणे जिल्हा भिजत असतो, तो आम्ही काचेतून ओझरता पाहिला. "पुढं एक आहे, कुणालाच माहीत नाही," दाजी म्हणाले. कुणाला माहीत नसणं साहजिकच होतं. डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर चिखलातून गेल्यावर एका टेकाडाच्या कुशीतून पाण्याचा पांढरा फवारा उडताना दिसला आणि दाजींनी विजयी चेहऱ्याने हॅंडब्रेक ओढला. आम्ही फोटो काढायला लागतो न लागतो तोच पंधरा-वीस गावकरी धावत आले. ती त्यांच्या पिण्याच्या पाण्याची फुटलेली पाइपलाइन होती, आणि आठ दिवस अर्ज देऊन सरकारची माणसं एकदाची आली असा त्यांचा समज झाला होता. दुसरा कुणी असता तर खुलासा करून निघाला असता. दाजींनी डिकीतून नट-बोल्टचे पाने काढले, बाह्या सरसावल्या, जुन्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली आणि वरचा व्हॉल्व्ह पिळून फवारा थांबवला. जो धबधबा बघायला आम्ही गेलो होतो, तो दाजींनी स्वतःच्या हातांनी बंद केला. गावाने आम्हाला फणस दिला. तो मांडीवर घेऊन मी तीन तास बसलो.

सूर्यास्ताची गोष्ट तीच. सूर्य पाण्यावर टेकला की दाजींना पुढच्या वळणाची ओढ लागते. पुढच्या वळणावर डोंगर असतो, आणि डोंगर संपेपर्यंत अंधार. अकरा वर्षांत आम्ही चौघांनी मिळून फार तर अर्धा सूर्य पाहिला असेल. आमच्या कोकणच्या फोटोंत वायपर फार सुंदर आलेत.

मग तुम्ही विचाराल, अशा माणसाबरोबर जाता कशाला? काय सांगू. ताथवड्यात आम्ही नवीन फ्लॅट घेतला तेव्हा ऐनवेळी लिफ्ट बंद पडली. दाजी ओव्हरटाइम सोडून आले आणि आमचं कपाट पाठीवर घेऊन सहा मजले चढले. पाचव्यावर मी म्हणालो, दाजी, इथे जरा टेका. तर म्हणाले, "नको राव, पुढचा जिना रुंद आहे." अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

पण एकदा मात्र त्यांच्या या पुढे जाण्यापायी घरात महाभारत व्हायची वेळ आली होती, आणि ती सासूबाईंवरून.

सासूबाई सांगवीच्या गावठाणातल्या. जन्म मुळा नदीच्या काठी, लग्न मुळेच्याच काठी, आणि साठ-पासष्ट वर्षं म्हशींमागे गेलेली. गुडघे पार झिजले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीख ठरली, आणि रविवारी जेवताना त्या अचानक म्हणाल्या, "करते आपरेशन. पन त्या टेबलावर झोपायच्या आदी मला येकदा समुद्र दावा."

आम्ही चौघं अकरा वर्षं कोकणात जात होतो आणि त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, आता जास्त प्रवास झेपेल का?" माझी बायको म्हणाली.

"न्हाई झेपला तर परत कधी झेपायचा?" त्या म्हणाल्या. "उठले तर उठले त्या टेबलावरनं."

दाजींचा घास हातातच राहिला. "आई, मी दाखवतो. साधासुधा नाही, एक नंबर समुद्र दाखवतो," ते म्हणाले. हे 'एक नंबर' ऐकून मेहुणीने तिथल्या तिथे त्यांच्याकडून वचन घेतलं, की पहिला जो समुद्र दिसेल तिथे गाडी थांबेल. दाजींनी वरणभाताच्या ताटासमोर हात जोडून वचन दिलं.

पहाटे पाचला सांगवीतून निघालो. मधल्या सीटवर उशा, गुडघ्यांखाली गोधडी, अशा थाटात सासूबाई. पहिला समुद्र अकराच्या सुमाराला सुरूच्या झाडांतून चमकला. त्या वेळी सासूबाईंना नुकताच डोळा लागला होता. दाजींनी वेग कमी केला खरा, पण समोर सहा बस, घोडागाड्या, आणि एक उंट. "राव," ते हळूच मला म्हणाले, "पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाला उंट दाखवायचा का?" मला, खोटं कशाला बोलू, ते पटलं. दुसऱ्या ठिकाणी काळे खडक होते, आईंचा पाय घसरला असता. तिसऱ्या ठिकाणी रिसॉर्टची भिंत मध्ये होती. चौथ्या ठिकाणी ओहोटी लागून पाणी इतकं लांब गेलं होतं, की गुडघे धड असलेला माणूसही दमला असता. प्रत्येक वेळी कारण बिनतोड होतं आणि प्रत्येक वेळी ते आईंसाठीच होतं. सासूबाई डोंगराच्या बाजूला बसलेल्या. त्यांना दिवसभर करवंदाच्या जाळ्या तेवढ्या दिसल्या.

साडेतीनला बिस्किटाचा पुडा फुटला आणि माझ्या बायकोचा बांधही. "दाजी, तुम्ही आईला समुद्र दाखवायला आणलंय की डिझेल संपवायला?"

"फक्त बारा किलोमीटर. पांढरी वाळू, चिटपाखरू नाही. पायाशी पाणी येतं, आईंना चालायलाही नको."

"आणि सूर्य मावळला म्हणजे?"

"नाही मावळत."

मेहुणी दुपारपासूनच नवऱ्याशी बोलायची थांबली होती. आता माझी बायकोही थांबली. गाडीत नुसता एसीचा आवाज. दाजींच्या कपाळावर त्या एसीतही घाम होता, आणि पहिल्यांदाच मला जाणवलं की या माणसाला आज काहीतरी फार मनापासून हवंय, आणि ते त्याच्या हातून निसटत चाललंय.

रस्ता अरुंद होत गेला, नारळ दाट झाले, एक उतार लागला आणि उताराच्या टोकाला रस्ता संपला. समोर एक छोटासा धक्का, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, दोन होड्या आणि खाडी. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. तिथे एक माणूस म्हशी धूत होता. दाजींचा बारा किलोमीटर पुढचा समुद्र त्या पलीकडच्या डोंगराआड कुठेतरी होता, आणि मध्ये पूल नव्हता.

दाजींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग सवयीने गाडी वळवायला घेतली.

"थांबवा," मागून आवाज आला. "दार उघडा."

आम्ही सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. त्यांनी समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्योच का त्यो?"

दाजींनी तोंड उघडलं, पण मेहुणीने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते मिटलं. एरवी दोन पायऱ्यांना देव आठवणाऱ्या सासूबाई तोवर धक्क्याच्या सात पायऱ्या बुडावर बसत-सरकत उतरल्या होत्या. पाण्यात पाय सोडले, ओंजळ भरली, चाखली आणि वळून लहान मुलीसारखं ओरडल्या, "आगं खारं हाय की गं!"

कडेच्या चिखलात एक बाई पायाच्या बोटांनी चाचपून शिंपल्या काढत होती. "कुठून आलात आजी?" तिने विचारलं. सासूबाईंनी सांगितलं, सांगवीहून, समुद्र बघायला. बाईने एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा आम्हा चौघांच्या चेहऱ्यांकडे, आणि समजूतदारपणे म्हणाली, "बघा की मग. बोटं अशी चिखलात घाला, कडक लागलं की शिंपली." पुढचा तासभर सासूबाई शेवटच्या पायरीवर बसून बोटांनी चिखल चाचपत होत्या. नऊ शिंपल्या मिळाल्या. मध्येच हाताचा भोंगा करून त्यांनी पलीकडच्या माणसाला म्हशी किती दूध देतात तेही विचारून घेतलं. त्याने काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण सासूबाई म्हणाल्या, "बरं देत्यात."

दाजी वर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. "राव, ही खाडी आहे," ते माझ्या कानात म्हणाले. डोळे भरून आले होते. "मी त्यांना समुद्र म्हणालो होतो."

"पाव्हणं, हितं या," खालून सासूबाईंची हाक आली.

दाजींनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मी दोन पायऱ्या वर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"म्होरं आजून काय हाय वो?" सासूबाईंनी विचारलं.

डोंगराआड खाडी वळत होती, आणि वारा पडला की तिकडून एक अखंड घुमणारा आवाज येत होता. दाजींनी तिकडे बघितलं. अकरा वर्षांत मी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काही नाही, आई," ते म्हणाले. "एवढाच आहे."

"लई झाला की," सासूबाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. एक गुडघा बरा झाला, दुसऱ्याचं त्यांनी नको म्हणून सांगितलं. आता त्या घरातल्या घरात फिरतात, जिना उतरत नाहीत. समुद्राची हकिकत मात्र सगळ्या आळीला पाठ आहे. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई कन्याकुमारीला जाऊन आलेल्या. त्यांनी एकदा शंका काढली, "आजी, समुद्राला दुसरा काठ दिसत नाही हो."

"तुमच्या न्हाई दिसत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या समुद्राला दिसतो. तिकडं म्हशी हुत्या. इचारा पाव्हण्यास्नी."

सगळे दाजींकडे वळले. एका नट-बोल्टच्या मापावरून अख्ख्या खात्याशी तासभर वाद घालणारे दाजी बाईंच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "दिसतो. हवा स्वच्छ पाहिजे फक्त."

सुट्टीच्या दिवशी दुपारी दाजी सांगवीला जातात. सासूबाई खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेल्या असतात. गप्पा होतात, चहा होतो, आणि मध्येच त्या विचारतात, "पाव्हणं, आता तिथं पानी कुटवर आलं आसंल?" दाजी चष्मा लावतात, मोबाईलवर त्या खाडीची भरती-ओहोटीची वेळ काढून बघतात. उगाच काहीतरी सांगत नाहीत.

"भरती लागली आई. साडेपाचपर्यंत खालच्या तीन पायऱ्या पाण्याखाली जातील."

सासूबाई मान हलवतात, आणि पाय जरासे वर ओढून घेतात.