स्क्रीनचे कोपरे

पुण्याच्या गाडीत मला बसवून द्यायला आई अर्धी रजा टाकून अकोला स्टेशनवर आली होती. बाबा मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे निरोप द्यायला ती एकटीच. सरकारी ऑफिसातली टायपिस्ट, रडायचं तिला जमत नाही. "त्रास झाला तं त्रास झाला म्हनून सांग, लपवू नको," एवढं बोलली आणि गाडी हलायच्या आधीच वळली, कारण साहेबांचं पत्र टाइप व्हायचं होतं. मला तेव्हा चांगलाच राग आला होता.

नोकरी लागल्यावर मी तिला ऑल-इन-वन कम्प्युटर घेऊन दिला. स्क्रीनच्याच पोटात सगळं, वायरींचा पसारा नाही. रिटायर झाल्यावर तिने त्याच्यावर अख्ख्या मोहल्ल्याचे अर्ज टाइप केले. दाखल्यांचे, पेन्शनचे, विहारातल्या कार्यक्रमांच्या सूचना, सगळं फुकट. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली बाई ती, नजर कागदावर ठेवून बोटं चालवणार, आणि चूक शोधून सापडायची नाही.

मी इकडे टू बीएचके, वर्क फ्रॉम होम, दिवसभर मीटिंगा. दर रविवारी सकाळी रिमोटने तिचा कम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर उघडायचा, फायली नीट लावायच्या, अपडेट मारायचे. तेवढं केलं की घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं मला. इकडे आलेल्या तुमच्यापैकी बरेच जण असंच करत असाल, म्हणून हे लिहायला घेतलं.

दोनेक वर्षांपूर्वी आई म्हणू लागली की स्क्रीनचे कोपरे गेले. खालचं घड्याळ दिसत नाही, खिडकी बंद करायची वरची फुली सापडत नाही. मी रिमोटने पाहिलं. माझ्या लॅपटॉपवर तिची स्क्रीन लख्ख, घड्याळ जागच्या जागी. म्हणजे आतलं सगळं ठीक, फक्त काच म्हातारी झाली, असा मी निकाल दिला. ऑल-इन-वनचं हेच तर दुखणं, स्क्रीन वेगळी काढून तपासता येत नाही. मशीन जुनं होतंच, माझं म्हणणं पटलं तिला. लेक कम्प्युटरवाली, तिला नाही कळणार तर कोणाला!

मधल्या काळात ती शेजारच्या ओट्याला अडखळून पडली. एकदा सायकलवाला बाजूने आला तो दिसलाच नाही. मी फोनवरून चपला बदलायला सांगितल्या. हुशार म्हणवते स्वतःला.

मॉनिटर निवडायला मात्र मी पंधरा दिवस घालवले. एवढे रिव्ह्यू तर फ्लॅट घेताना वाचले नव्हते. सत्तावीस इंची, मॅट, उंची कमीजास्त होणारा स्टँड, सोबत छोटा डबा-कम्प्युटर. आता बिघडलं तर एकेक बदलता येईल. रजा काढून स्वतः अकोल्याला गेले, सगळं जोडलं आणि तिला खुर्चीत बसवलं.

ती मान डावी-उजवीकडे फिरवत राहिली, बसस्टँडवर पाटी शोधावी तशी. मग हळूच म्हणाली, "याचे तं आनखीनच गेले वं."

मी केबल तपासली. तिला उठवून स्वतः बसले. चारही कोपरे स्वच्छ. तिला पुन्हा बसवलं, समोर पाहायला सांगितलं आणि माझा हात तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणला. हात जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा ती म्हणाली, दिसला.

दुसऱ्या दिवशी तिला अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या मशीनमध्ये डोकं ठेवायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटन दाबायचं. ठिपके येत होते, आई बटन धरून शांत बसून होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, थेंब जन्मभर. कधीपासून त्रास आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वर्सं झाले," आई म्हणाली. मग मान पूर्ण वळवून मला शोधलं. "पन थे तं कम्प्युटरचं होतं ना वं?"

मला तिच्याकडे पाहवलं नाही. तिने काही लपवलं नव्हतं. दर रविवारी सांगत होती बिचारी, आणि मी ब्राइटनेस वाढवत होते.

सत्तावीस इंची परत केला. आता एकोणीस इंची आहे, जरा लांब ठेवलेला, म्हणजे सगळा तिच्या नजरेत मावतो. अर्ज पुन्हा सुरू झाले. पुण्याला चल म्हणून मी हट्ट धरला, रडले, ओरडलेही.

"अकोल्यात मले न दिसता चालता येते," ती म्हणाली. "तुह्या पुन्यात मले दिसून बी जमत नाही."

त्या दुपारी ती आत अर्ज टाइप करत असताना मी दाराशी उभी राहिले आणि डोळे मिटून तिच्या टेबलापर्यंत निघाले. याच घरात रांगले मी. चौथ्या पावलाला फ्रिजवर आदळले. तो फ्रिज तिथे सहा वर्षांपासून आहे, असं नंतर तिच्याकडून कळलं.

टायपिंग थांबलं नाही. आई कागदावरून नजर न काढता म्हणाली, "त्याले इथं रोज राहा लागते वं."