सरकणारी झाडं

किस्से जमवावे लागत नाहीत. सकाळी ऑफिस झाडून काढतो, संध्याकाळपर्यंत तेवढेच पुन्हा पायाशी पडलेले असतात.

पांढुर्ण्यात आमचं छोटं कम्प्युटर ऑफिस. सुजाता आणि प्रफुल्ल जावा नावाच्या भाषेत संत्र्याच्या झाडांची भलीमोठी यादी बनवतात. मी चहा बनवतो. नागपूरच्या साहेबांनी बजावलं होतं, येत्या शुक्रवारी मी बघायला येईन, तेव्हा यादी अडकली तर ऑफिस बंद, दोघांनी नागपूरला यायचं. सुजाताची आई अंथरुणाला खिळलेली. पोरगी सारखी उठायची, बसायची, चहा तसाच निवायचा.

*

आधी यादीत सारी झाडं एका लांब रांगेत होती. मधे एक घातलं की मागची सारी एकेक जागा सरकत. मशीन हँग!

"काकाजी, रामाकोन्यात एक झाड लावलं का बोरगावचे सारे बगीचे सरकून राहिले!" प्रफुल्ल म्हणाला.

"मंग पाणी कोणाच्या बगीच्यात द्याचं?" मी विचारलं.

*

प्रफुल्लनं रांग मोडून साखळी केली. प्रत्येक झाडाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक. मधे घालणं सोपं झालं, पण एखादं शोधायचं तर पहिल्यापासून विचारत जायचं. बटन दाबून तो शेजारच्या तिगावला जाऊन आला.

"सापडलं का रे?" मी विचारलं.

"विचारूनच राहिलं अजून!"

*

मग सुजातानं रांगेचे लहान लहान तुकडे केले. प्रत्येकात थोडी जागा रिकामी, आणि कोणत्या तुकड्यात किती झाडं, याची वर एक पाटी. यादी धावू लागली! प्रफुल्ल खूश होऊन खोटी झाडं ओतत सुटला. शेवटी मोजणीचा आकडा ठेवायची जागाच पुरेना, अन् आकडा उलटून एकूण झाडं उणे दिसू लागली.

"इतके झाडं लावले का कमी भरले!" प्रफुल्ल ओरडला.

सुजाता हसली नाही. आकड्यासाठी मोठी जागा करत बसली. उद्या शुक्रवार होता.

*

शुक्रवारी साहेब सौंसरच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला घेऊन आले. यादीत त्या म्हाताऱ्याचाही बगीचा होता.

"मधलं एखादं झाड काढून दाखव," साहेब म्हणाले.

"माझंच काढ पोरी," म्हातारा म्हणाला. "विहिरीजवळचं. बायकोनं लावलं होतं. वाळलं."

सुजातानं बटन दाबलं. डोळा लवायच्या आत झाड गेलं. बाकीचं एकही हललं नाही.

"वा! ऑफिस इथंच राहील," साहेब म्हणाले. सुजातानं ओढणीत तोंड लपवलं.

म्हातारा पडद्याकडेच पाहत होता.

"तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी नेऊन टाकलं मी त्याले," तो हळूच म्हणाला. "एवढ्या लवकर?"